मरियेची भक्ती ही आराधना ठरते का?

आगाशीकर

नमस्कार मंडळी,

सप्टेंबर लागला आणि बांद्र्याची जत्रा जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. 'तुम्ही कॅथलिक येशूच्या आईची, मरियेची पूजा करता, मग एकच देव मानतो असं कसं म्हणता?' हिंदू मित्र हे कुतूहलाने विचारतात, त्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. प्रॉटेस्टंट मित्र मात्र कळकळीने विचारतात, कारण त्यांच्या लेखी हा थेट दहा आज्ञांतल्या 'माझ्याशिवाय दुसरे देव नकोत' या आज्ञेचा मामला आहे. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. ही आराधना, म्हणजे फक्त देवाला द्यायची पूजा, नाही. पण 'आम्ही तसं मानत नाही' एवढ्यावर भागत नाही, कारण माणूस मानतो एक आणि करतो भलतंच, असंही होतं. म्हणून आम्ही प्रत्यक्षात काय म्हणतो नि काय करतो, तेच तपासू.

आमच्या वसईत मे महिन्यात संध्याकाळी आळीतल्या क्रूसाजवळ लोक जमतात. रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते आणि मागून मरियेची लितानी, म्हणजे एकेक नाव घेत म्हणायची प्रार्थना. ही लितानी इटलीतल्या लोरेटोच्या तीर्थक्षेत्राच्या नावाने ओळखली जाते, पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये तिला मान्यता दिली. एक जण पुढे म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. तिची सुरुवात मरियेपासून होत नाही. आधी स्वर्गीय पिता, मग पुत्र, पवित्र आत्मा, त्रैक्य. या प्रत्येक नावाला लोकांचं उत्तर असतं, 'आमच्यावर दया कर'. मग 'पवित्र मरिये' येतं आणि तिथल्या तिथे उत्तर बदलतं, 'आमच्यासाठी विनंती कर'. पुढे पन्नासेक बिरुदं येतात. पहाटेचा तारा, हस्तिदंती मनोरा, सोन्याचं घर, पाप्यांचा आसरा, स्वर्गाचं दार. बिरुद कितीही मोठं असो, उत्तर तेच राहतं. शेवटी देवाच्या कोकराला, म्हणजे येशूला, हाक मारली की पुन्हा 'दया कर'. चौथीत शाळा सुटलेल्या म्हातारीचंही हे उत्तर चुकत नाही. दया करणारा कोण आणि विनंती करणारी कोण, हे तिला कुणी ईशज्ञानाच्या वर्गात शिकवलेलं नसतं. ते तिच्या तोंडी बसलेलं असतं.

दुसरी गोष्ट यज्ञाची. आराधनेची खरी खूण गुडघे टेकणं किंवा मेणबत्ती लावणं नाही, यज्ञ अर्पण करणं ही आहे, असं जुने ख्रिस्ती लेखक मानत. संत ऑगस्टिनने हुतात्म्यांबद्दल हेच लिहिलंय. आम्ही त्यांच्या कबरीपाशी वेदी उभारतो, पण यज्ञ त्यांना वाहत नाही, त्यांच्या आणि आपल्या एकाच देवाला वाहतो. आजही ८ सप्टेंबरला, म्हणजे मरियेच्या जन्माच्या सणाला, मिस्सा (आमचा यज्ञ, वेदीवरचा मुख्य उपासनाविधी) तिला अर्पण होत नाही. त्या दिवशीची मुख्य प्रार्थनाही तिला उद्देशून नसते, पित्याला उद्देशून असते, ख्रिस्ताच्या द्वारे. तिचा वाढदिवस असूनही वेदीवरचं बोलणं देवाशीच चालतं.

आणि ही रेषा काल-परवा प्रॉटेस्टंटांना उत्तर द्यायला आखलेली नाही. चौथ्या शतकात सायप्रसमधल्या सलामिसचे बिशप एपिफानियस यांनी अरबस्तानातल्या काही स्त्रियांबद्दल लिहिलं आहे. त्या मरियेच्या नावाने भाकरी अर्पण करत. एपिफानियस कडक शब्दांत सांगतात की मरियेचा मान राखावा, पण आराधना पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची व्हावी, मरियेची कोणी करू नये. ७८७ च्या निकेयाच्या बिशपांच्या परिषदेने मूर्ती आणि चित्रांचा सन्मान वेगळा आणि केवळ देवाची आराधना वेगळी, असं ठरवून दिलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी मरियेचा मान इतर संतांहून अधिक पण आराधनेहून मुळातच वेगळा, अशी मांडणी केली.

इतरांचं काय मत आहे? मोकळेपणाने लिहा.

नगरकर

धागा छान काढलात. मी नगरचा, घरात चार पिढ्या प्रॉटेस्टंट. मरियेबद्दल आमच्या मनात अनादर मुळीच नाही, हे आधीच सांगतो. लूथरने १५२१ मध्ये तिच्या स्तोत्रावर मोठ्या प्रेमाने भाष्य लिहिलं आणि तिला देवाची आई म्हणायला तो कधी कचरला नाही. 'सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील' हे पवित्र शास्त्रातलंच वचन आहे आणि आमची मंडळी ते फारच कमी पाळते, हेही खरं.

पण तुम्ही लितानी घेतलीत, मी रोझरी घेतो. एका 'हे आमच्या बापा'ला दहा 'नमो मरिये'. देवाचं नाव एकदा आणि तिचं दहादा घेणाऱ्या माणसाचं मन कुठे गुंतत असेल? रोझरीच्या शेवटी तुम्ही जी प्रार्थना म्हणता तिच्यात मरियेला 'आमचं जीवन, आमचं माधुर्य, आमची आशा' म्हटलंय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच वचनात पौल 'आपली आशा' कोणाला म्हणतो? ख्रिस्त येशूला. त्याच पत्रात पुढे, दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात, देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, असं साफ लिहिलंय.

माझी खरी अडचण याहून खोल आहे. या क्षणी मनिलात, मेक्सिकोत, वसईत लाखो लोक एकाच वेळी मनातल्या मनात तिच्याशी बोलत असतील. त्या सगळ्यांचं ऐकू येणं हा देवाचा गुण आहे, माणसाचा नाही. तिची आराधना करत नाही म्हणायचं आणि तिच्याकडे देवाचं ऐकणं आहे असं धरून चालायचं, हे मला जुळत नाही.

शरयू_

वाचतेय. बाहेरची आहे, चुकलं तर सांगा. आमच्याकडे आषाढीला ज्ञानोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरपूरला नेतात. वाटेत लोक पादुकांवर डोकं टेकवतात, त्यांना माउली म्हणतात, पण चाललेत सगळे विठ्ठलाकडेच. मरियेचं तसंच समजायचं का?

आगाशीकर

शरयूताई, उपमा अर्ध्या वाटेपर्यंत चांगली चालते. संताचा मान देवाकडे नेतो, हे दोन्हीकडे आहे. पण तुकोबांसारखा संत देव आणि संत यांत भेदच मानत नाही. आमच्याकडे तो भेद पुसला तर सगळंच कोसळतं. मरिया निर्माण केलेली आहे, देव निर्माता आहे. ती कितीही वर चढली तरी हे अंतर संपत नाही. स्वतः तिनेही आपल्या स्तोत्रात देवाला 'माझा तारणारा' म्हटलंय, म्हणजे तारणाची गरज तिलाही होती.

नगरकर, तुमचा ऐकण्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, त्यावर सवडीने लिहितो. रोझरीबद्दल मात्र आत्ताच. मणी मोजून मन मोजता येत नाही. त्या दहा नमो मरियांच्या वेळी डोळ्यांपुढे ठेवायचा असतो तो ख्रिस्ताच्या आयुष्यातला एक प्रसंग. गेथशेमानेतली वेदना, काट्यांचा मुकुट, रिकामी कबर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये पाच प्रसंग वाढवले, ते सगळे येशूच्या जाहीर सेवाकार्यातले आहेत. एकूण वीसांपैकी शेवटचे दोनच मुख्यतः तिच्याबद्दल. आणि नमो मरियेचा पहिला अर्धा भाग तर लूकच्या पहिल्या अध्यायातला, देवदूताचं अभिवादन आणि मरियेची नातेवाईक अलिशिबा हिचे उद्गार.

माहीमवाली

मला पुस्तकातलं फार कळत नाही, पण दर बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे मातेच्या चित्रापुढच्या सामुदायिक प्रार्थनेला, मी लहानपणापासून जाते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून हा नोव्हेना चालू आहे. गर्दीत निम्मे लोक ख्रिस्ती नसतात. तिथे लोकांनी लिहिलेली पत्रं वाचून दाखवतात. कुणाला नोकरी लागली, कुणाला मूल झालं, कुणाचा नवरा दारूतून सुटला. 'माते, तू मला दिलंस' असंच लिहिलेलं असतं बहुतेक पत्रांत. 'तू देवाकडे विनंती केलीस आणि देवाने दिलं' असं लांबलचक कोण लिहितं?

बांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. माझ्या शेजारच्या काकूंनी मेणाचं घर वाहिलं आणि दोन वर्षांत त्यांना खरंच विरारला खोली मिळाली. त्यांना विचारलं की घर कोणी दिलं, तर त्या मोतमाउलीचंच (तिथल्या मरियेचंच) नाव घेतील. आगाशीकर म्हणतात तो फरक त्यांच्या डोक्यात आहे का, मला शंका आहे. पण त्यांनी देवाचा अपमान केलाय, हेही माझ्याने म्हणवत नाही.

मापशेंकार

माहीमवाली यांच्या पुढची गोष्ट आमच्या म्हापशाची. सेंट जेरोम चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीचं (चमत्कारांच्या मातेचं, म्हणजे मरियेचं) फेस्त, म्हणजे सण, ईस्टरनंतर पंधरवड्याने, सोमवारी होतं. त्या दिवशी लोक रांगेने येऊन सायबिणीला तेल घालतात. रांगेत हिंदूही असतात आणि ख्रिस्तीही. लोकांचा समज असा की सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक. देवळातून आणि चर्चमधून एकमेकांना तेल-फुलांची देवाणघेवाण होते, ती आजही पाळली जाते.

मला या धाग्यात भर घालावीशी वाटली ती एवढ्यासाठी की तिथे एकाच रांगेत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. हिंदू भाऊ तेल घालतो तेव्हा तो खरोखर देवीला तेल घालतो, त्याच्या धर्मात ती आराधनाच आहे आणि त्यात चूक काही नाही. त्याच्या मागची माझी आई तेच तेल घालते आणि घरी येऊन संध्याकाळी मिस्साला जाते. बाहेरून बघणाऱ्याला दोघांत फरक काढून दाखवणं अशक्य. म्हणून नुसतं हात काय करतात ते बघून 'ही आराधना' किंवा 'ही नव्हे' असं ठरवता येत नाही, असं मला वाटतं. फेस्त आम्हांला प्राणापेक्षा प्रिय आहे. कुणी येऊन हे सगळं मूर्तिपूजा म्हणून झटकून टाकलं की फार लागतं.

जुनी_पानं

चर्चा चांगली रंगलीय. इतिहासातल्या तीन गोष्टी मांडतो, कारण मरियेचा मान सतत वाढतच गेला आणि चर्चने तो कधी आवरला नाही, असा एक समज दिसतो.

पहिली, ४३१ ची एफेससची परिषद. मरियेला 'देवाची आई' म्हणायचं की नाही, यावर नेस्तोरियस आणि सिरिल या दोन बिशपांचा वाद झाला आणि परिषदेने म्हणायचं असं ठरवलं. तो वाद मरियेची थोरवी किती यावर नव्हता. तिच्या पोटी आलेला येशू खरा देव आणि खरा माणूस एकाच व्यक्तीत आहे की नाही, यावर होता. तिला दिलेलं सगळ्यात मोठं बिरुद तिच्या मुलाबद्दल काहीतरी सांगण्यासाठी दिलं गेलं.

दुसरी, दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर एक प्रकरण घालायचं, असा प्रश्न होता. २९ ऑक्टोबर १९६३ ला मतदान झालं. प्रकरण घालावं या बाजूने १,११४ आणि विरुद्ध १,०७४. म्हणजे जगभरचे बिशप जवळजवळ दुभंगले होते आणि चाळीस मतांनी निर्णय लागला. मरिया चर्चच्या वर नाही, चर्चच्या आत आहे, असा त्याचा अर्थ झाला. १९६४ मध्ये तो दस्तऐवज निघाला. मरियेचा सन्मान देवाच्या आराधनेहून मुळातच वेगळा आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. उपदेशकांनी अतिशयोक्ती टाळावी आणि कोतेपणाही टाळावा, असंही बजावलंय.

तिसरी अगदी ताजी. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या विश्वासविषयक विभागाने एक टिपण काढलं. त्यात मरियेला 'सह-तारणकर्ती' म्हणणं योग्य नाही, असं सांगितलं, कारण त्याने ख्रिस्ताचं एकमेव तारणकार्य झाकोळतं. हे बिरुद पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः काही वेळा वापरलं होतं आणि ते अधिकृत करावं म्हणून अनेक वर्षं मोहिमा चालल्या होत्या. तरी नाही म्हटलं. 'मध्यस्थ' हा शब्दही जपून वापरा, असं सांगितलं.

नगरकर

जुनी_पानं, ही माहिती माझ्या कामाची आहे, विशेषतः तिसरी. पण मला ती उलट्या बाजूनेही वाचता येते. आवरावं लागतं, कारण सुटतं. एपिफानियसला चौथ्या शतकात जे सांगावं लागलं, ते रोमला २०२५ मध्ये पुन्हा सांगावं लागावं, म्हणजे ओढ तिकडेच आहे.

मापशेंकार, तुमच्या आईच्या भक्तीला मी मूर्तिपूजा म्हणणार नाही. कुणाच्या हृदयात शिरून न्याय करायचा अधिकार मला नाही. माझं म्हणणं शिकवणुकीबद्दल आणि उपदेशाबद्दल आहे. माहीमवाली यांच्या काकूंना कुणी कधी सांगितलं का?

आगाशीकर

नगरकर, ओढ आहे हे मान्य. ती प्रत्येक प्रेमाला असते. पण ओढ आहे म्हणून प्रेमच बंद करा, हा उपाय मला पटत नाही. तुमच्या मंडळीने तो केला, आणि तुम्हीच लिहिलंत की सर्व पिढ्या धन्य म्हणतील हे वचन तुमच्याकडे फारच कमी पाळलं जातं. माझ्या दृष्टीने तीही चूकच.

आता ऐकण्याबद्दल. तिला स्वतःच्या ताकदीने सगळं ऐकू येतं, असं आम्ही मानतच नाही. ती देवात आहे आणि देव तिला जे कळवतो ते तिला कळतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, योहानाच्या प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, चोवीस वडील धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या घेऊन कोकरासमोर पाया पडतात, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असं तिथेच लिहिलंय. स्वर्गातल्या माणसांच्या हातात पृथ्वीवरच्या माणसांच्या प्रार्थना पोचतात कशा, हे योहान सांगत नाही. पोचतात एवढं दिसतं. आणि एकच मध्यस्थ, या वचनाच्या चार वचनं आधी पौल सर्वांसाठी विनंत्या करा असं सांगतो. एकमेकांसाठी केलेल्या विनंतीने ख्रिस्ताच्या मध्यस्थीला धक्का लागत नाही, हे तुम्हीही मानताच. तुमच्या पाळकांना तुम्ही 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणताच ना? आपला मतभेद खरं तर एवढाच उरतो की मेलेला विश्वासू माणूस ते करू शकतो की नाही. मी म्हणतो करू शकतो, कारण देव मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा आहे, असं येशूनेच सांगितलं.

'आमची आशा' या शब्दांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. ती प्रार्थना मध्ययुगातली आहे आणि तिची भाषा गाण्याची आहे. तीच प्रार्थना पुढे तिला काय मागते ते पाहा. 'या परदेशवासानंतर तुझ्या उदराचं फळ येशू आम्हांला दाखव.' आशा त्याच्याकडेच जाते. तरी नवख्या माणसाला ते आधी समजावून द्यायला हवं, नुसतं पाठ करून घेऊन चालणार नाही.

माहीमवाली

नगरकर, काकूंना कुणी सांगितलं का, तर नोव्हेनाच्या उपदेशात सांगतात. दर वेळी नाही, पण सांगतात. आणि एक राहिलं. नोव्हेना संपला की पवित्र साक्रामेंताचा आशीर्वाद असतो. फादर मोठ्या सोनेरी किरणांच्या पात्रात पवित्र भाकर, म्हणजे आमच्या श्रद्धेने खुद्द येशू, धरून उभे राहतात आणि अख्खं चर्च, बाहेरच्या मांडवातली माणसंसुद्धा, गुडघ्यांवर येतं. मातेच्या चित्रापुढे आम्ही हात जोडतो, फुलं ठेवतो. असं सगळे एकदम गुडघ्यांवर त्या वेळीच येतात. काकू गुडघेदुखीमुळे बाकाला धरून कशाबशा वाकतात, पण वाकतात.

नगरकर

हे मला माहीत नव्हतं. नोव्हेना म्हणजे चित्रापुढची प्रार्थना आणि संपलं, असंच धरून चाललो होतो.

शिकवणुकीपुरतं तुम्ही आराधना करत नाही, हे मी मान्य करतो आणि आमच्या तरुण संघात तसं सांगेनही, कारण तिथे सर्रास उलटं बोललं जातं. माझी हरकत आता दुसऱ्या जागी येऊन थांबते. मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली, हे १९५० मध्ये पोप पायस बाराव्यांनी प्रत्येक कॅथलिकाला मानणं बंधनकारक केलं. तिची निष्कलंक गर्भधारणा, म्हणजे ती आईच्या पोटात आल्यापासूनच मूळ पापापासून मुक्त होती हे, १८५४ मध्ये पायस नवव्यांनी. पवित्र शास्त्रात दोन्ही स्पष्टपणे लिहिलेल्या नाहीत. मान देणं ऐच्छिक असतं तर माझं भांडणच नव्हतं. ते न मानणारा तुमच्या विश्वासाबाहेर पडतो, इथे माझं अडतं.

आगाशीकर

हा प्रश्न अधिकाराचा आहे, आराधनेचा नाही, आणि तो खरा आहे. शास्त्राचा अर्थ लावायचा अंतिम अधिकार कुणाकडे, यावर आपली मंडळी सोळाव्या शतकापासून वेगळी आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढतो, नाहीतर इथे दोन्ही विषयांची सरमिसळ होईल. तुमच्या तरुण संघातल्या मुलांना वाटलं तर मे महिन्यात आमच्या आळीत घेऊन या. लितानीची छापील पानं आहेत आमच्याकडे, त्यांच्या हातात देऊ. कुठे काय उत्तर येतं ते त्यांनी स्वतः वाचावं.